दुरुस्ती प्रकाशाची, प्राण्याची नव्हे

कोल्हापूर

चि. भाचीस,


तुझे तिन्ही फोटो पाहिले. आधी ताईच्या फोनवर धावते, मग माझ्या मोठ्या पडद्यावर सावकाश. काळा लॅब्रॅडॉर, पांढरं पामेरियन आणि तो केशरी बोका. फोकस नेमका डोळ्यांवर आहे, मागची अडगळ टाळली आहेस, आणि कॅमेरा जनावराच्या उंचीवर आणायला जमिनीवर लोळलेली दिसतेस. त्या बाबतीत मला काही शिकवायचं नाही. तू विचारलंस ते रंगाचं. एडिटिंगला बसलं की एकेक स्लायडर सरकवत राहतेस, फोटो झगमगीत होतो, पण कुत्रं कुणाचं तरी दुसऱ्याचंच वाटायला लागतं. मग थांबायचं कुठे?

माझं उत्तर एवढंच आहे: प्रकाशाने आणि कॅमेऱ्याने जे बिघडवलं तेवढं दुरुस्त कर, जनावराला हात लावू नकोस. ऐकायला सोपं, पण प्रकाश कुठे संपतो आणि जनावर कुठे सुरू होतं ही रेघ दर फोटोत नव्याने शोधावी लागते. हे पत्र त्याच शोधाचं आहे.

त्याआधी एक गोष्ट मनातून काढून टाक. ‘आम्ही एडिटिंग करत नाही, फोटो जसाच्या तसा देतो,’ असं अभिमानाने सांगणारे तुला भेटतील. फोटो जसाच्या तसा कधीच नव्हता. मी स्टुडिओत कामाला लागलो तेव्हा निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने रिटचिंग चालायचं. एन्लार्जरखाली प्रिंट काढताना तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती हलवून एखादा भाग उजळ ठेवायचा, ते डॉजिंग. हातांच्या फटीतून जास्तीचा प्रकाश देऊन एखादा भाग गडद करायचा, ते बर्निंग. थॉमस आणि जॉन नॉल या भावांचं फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं, त्यातल्या या दोन टूलांची चित्रं बघ: एक काडीवरची चकती आणि दुसरा वळवलेला हात. आमची अंधारी खोलीच त्यांनी तिथे नेऊन ठेवली. तुझ्या फोनमधून निघणाऱ्या जेपेगचा रंग, उठाव, धार हे सगळंही फोनने स्वतःच्या अंदाजाने आधीच ठरवलेलं असतं. तेव्हा एडिटिंग होणारच आहे. फक्त ते कोण करणार, जनावर न पाहिलेलं यंत्र की समोर बसून पाहिलेली तू, एवढाच प्रश्न आहे.

आता काळ्या लॅब्रॅडॉरकडे वळू. कॅमेऱ्याच्या मीटरला काळं-पांढरं कळत नाही. समोरून येणारा प्रकाश सरासरी मधल्या करड्या रंगाइतका, म्हणजे १८ टक्के परावर्तनाचा आहे, असं धरून तो एक्स्पोजर ठरवतो. काळ्या कुत्र्याने फ्रेम भरली की मीटरला वाटतं अंधार आहे. तो प्रकाश वाढवतो आणि कुत्रा राखेच्या रंगाचा होतो. पांढऱ्या कुत्र्याच्या बाबतीत उलट: मीटर प्रकाश कापतो आणि पामेरियन मळकं दिसतं. आजचे कॅमेरे आणि फोन यात बरेच हुशार झालेत, तरी फ्रेमभर एकच रंग आला की अजून फसतात. तुझा लॅब्रॅडॉर करडा आलाय तो असा. त्यामुळे त्याला काळा करणं ही लबाडी नाही, ती मीटरची चूक निस्तरणं आहे. इथवर तू बरोबर होतीस.

पुढे मात्र तू कॉन्ट्रास्ट ओढलास आणि सगळा काळा भाग शून्यावर नेलास. हिस्टोग्राम उघडून बघ, डावीकडच्या भिंतीला उभा कडा लागलाय. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. शून्यावर गेलेल्या जागी केस नाहीत, छातीचा उभार नाही, खांद्याचा स्नायू नाही. काळा कागद कापून चिकटवल्यासारखा आकार उरतो. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास झोन सिस्टिम बसवली. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे झोन, मधला करडा पाचवा. पोत दिसायला हवा असा काळा त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या झोनमध्ये ठेवला, शून्यात नाही. तूही तेच कर. नाकपुड्या, बाहुली आणि तोंडाच्या आतली सावली एवढंच खरोखर काळं राहू दे. अंगावरचे केस त्याच्या वर ठेव, म्हणजे काळ्याच्या आतही चार-पाच छटा दिसतील. आधी एक्स्पोजर खाली आण, मग शॅडोज थोडे वर घे, आणि ब्लॅक्सचा स्लायडर अगदी शेवटी, दाण्यादाण्याने.

त्या लॅब्रॅडॉरच्या पाठीवर एक निळसर झाक आहे, ती तू पुसायला निघालीस. थांब जरा. तुकतुकीत काळे केस आकाश दाखवतात. उघड्यावर काढलेल्या फोटोत पाठीवर निळं येणारच. ती झाक अर्धी उतरव, पूर्ण काढू नकोस. पूर्ण काढलीस तर केसांची तुकतुकी जाईल, आणि तुकतुकी ही त्या कुत्र्याची तब्येत आहे. मांड्यांवर आणि शेपटीखाली केस तांबूस झालेत, तेही मला दिसलं. काळा रंग युमेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो आणि उन्हात राहून तो विटतो. तो तांबूसपणा प्रकाशाने आणलेला नाही, कुत्र्याच्या अंगावरच आहे. तो ठेव. मालक रोज त्याच्यावरून हात फिरवतो.

आता पामेरियन. खरं तर आपल्याकडे पामेरियन म्हणून घरोघरी असतं ते बहुतेक इंडियन स्पिट्झ. पण गल्लीत त्याला सगळे पामेरियनच म्हणतात, आपणही म्हणू. पांढऱ्या कुत्र्याचा मोठा शत्रू म्हणजे आजूबाजूचा रंग. पांढरे केस मिळेल तो रंग उचलतात. तू त्याला हिरवळीवर बसवलंस, म्हणून हनुवटी आणि पोट हिरवट झालंय. कोकणात जांभ्याच्या अंगणात बसवलं असतंस तर तेच पोट लालसर आलं असतं. हा हिरवेपणा निखळ प्रकाशाचा दोष आहे, तो काढलाच पाहिजे. पण पूर्ण फोटोचा टिंट मॅजेंटाकडे नेऊन काढू नकोस. तसं केलंस तर कपाळ गुलाबी होईल, आणि तुझ्या फोटोत नेमकं तेच झालंय. पोट आणि हनुवटी एवढाच मास्क कर, कडा मऊ ठेव, आणि तेवढ्याच भागात टिंट थोडा मॅजेंटाकडे ने किंवा हिरव्या-पिवळ्याचं सॅच्युरेशन उतरव.

दुसरी गोष्ट, व्हाइट बॅलन्सचा आयड्रॉपर तू कुत्र्याच्या अंगावर टेकवलास. पांढरं आहे म्हणून टेकवावंसं वाटतं, पण पांढरं कुत्रं पांढरं नसतं. याच्या कानांवर बिस्किटी छटा आहे, पाठीवर साय आहे, डोळ्यांखाली पाण्याचे तपकिरी ओघळ आहेत. सायीवर आयड्रॉपर टेकवलास की सॉफ्टवेअर त्या सायीलाच पांढरं मानतं आणि सगळा फोटो निळ्याकडे ढकलतं. ग्रे कार्ड वापर. कुत्र्याशेजारी कार्ड धरून एक फोटो काढायचा, त्यावरून व्हाइट बॅलन्स घ्यायचा आणि त्याच प्रकाशातल्या बाकीच्या फोटोंना तोच लावायचा. कार्ड कुत्र्याच्या तोंडापासून लांब धर, एवढं अनुभवाने सांगतो.

राजापालयम कुत्र्याचं काम कधी आलं तर हे विशेष लक्षात ठेव. तमिळनाडूतली ही जात दुधासारखी पांढरी आणि नाक गुलाबी. टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात राजापालयम होता आणि आपल्या शेजारचा मुधोळ हाउंडही. मुधोळला आपल्याकडे कारवानी म्हणतात. राजापालयमचा गुलाबीपणा ‘कलर कास्ट’ समजून कुणी काढला तर नाक करडं पडेल आणि जात ओळखणारा माणूस हसेल. रंग दुरुस्त करण्याआधी जातीची माहिती करून घ्यावी लागते ती अशी.

केल्विनच्या आकड्यांनी तू गोंधळलेली दिसतेस, तर तेवढं उलगडून सांगतो. घरातला पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विनचा, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, ढगाळ आकाश ६५०० च्या पुढे आणि उघड्यावरची सावली ७००० ते ८०००. आकडा वाढतो तसा प्रकाश निळा होत जातो. मग सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवला की फोटो पिवळा का होतो? कारण तो आकडा म्हणजे तू सॉफ्टवेअरला दिलेली माहिती आहे. ‘प्रकाश ८००० चा, म्हणजे निळा होता,’ असं सांगितलंस की ते निळ्याची भरपाई म्हणून पिवळं घालतं. एवढं कळलं की अंदाजाने चाचपडणं बंद होतं: फोटो कुठल्या प्रकाशात काढला ते आठवायचं आणि त्या आकड्यापासून सुरुवात करायची. पावसाळ्यातली ढगाळ दुपार काळ्या कुत्र्यांसाठी उत्तम, कारण सावल्या मऊ पडतात आणि केसांतला पोत आपोआप दिसतो. त्या दिवशी काम घेतलंस तर संगणकावरचे निम्मे कष्ट वाचतील.

बोक्याचा फोटो मात्र मला सगळ्यात जास्त खटकला. बोकाच असणार असं धरून चाललोय. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे केशरी मांजरांत नर जास्त. तू सॅच्युरेशन इतकं चढवलंस की अंगावर इस्त्री फिरवल्यासारखा सपाट केशरी पट्टा झालाय. केशरी मांजराच्या अंगावर पट्टे असतातच. काळं मांजर एकरंगी होऊ शकतं, कारण पट्टे झाकणारं जनुक युमेलॅनिनवर चालतं. केशरी रंग फिओमेलॅनिनचा, त्यावर त्या जनुकाचं काही चालत नाही. म्हणून फोटोत केशरी मांजर सपाट दिसलं की समजावं, पट्टे एडिटिंगने खाल्ले. कारण सांगतो. केशरी रंगात लालचा वाटा सर्वांत मोठा असतो, त्यामुळे लाल चॅनल आधी २५५ ला जाऊन टेकतो. एकूण हिस्टोग्राम ठीक दिसत असतो, आत लाल संपलेला असतो. हिस्टोग्राम तिन्ही रंगांत वेगवेगळा बघायची सवय लाव. आता सॅच्युरेशन मूळ जागेवर आण, एक्स्पोजर जरा उतरव, आणि एचएसएलमध्ये ऑरेंजचा ल्युमिनन्स किंचित खाली घे. पट्टे उजेड-अंधाराच्या फरकाने दिसतात, रंगाच्या जोराने नाही. आणि त्या फोटोत मालकिणीचा हात आहे हे विसरू नकोस. माणसाची त्वचाही त्याच ऑरेंज स्लायडरवर नाचते. बोका सुधारताना मालकिणीला कावीळ झाली आहे. बोक्यापुरता मास्क कर.

मास्कचंच निघालं म्हणून. ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ एका टिचकीत जनावर निवडून देतं, पण मिशा सोडून देतं आणि केसांच्या कडेला पांढरी किनार ठेवतं. लॅब्रॅडॉरभोवती ती किनार दिसतेय. शंभर टक्के मोठं करून कडेने एकदा फेरी मार, मिशांवर ब्रश फिरव. आणि विकतचे प्रिसेट जपून वापर. ज्यात सावल्या मोरपिशी आणि उजेड केशरी करतात ते तर काळ्या कुत्र्याला हिरवं करून सोडतात. काळ्याचा बहुतेक भाग सावलीतच असतो ना.

डोळे. फ्लॅशमध्ये कुत्र्या-मांजरांचे डोळे हिरवे-पिवळे चकाकतात, कारण त्यांच्या दृष्टिपटलामागे टॅपेटम ल्युसिडम नावाचा परावर्तक थर असतो. माणसांसाठीचं रेड आय टूल लाल शोधतं, म्हणून तिथे चालत नाही; लाइटरूममध्ये त्यासाठी वेगळं पेट आय टूल आहे. निळ्या डोळ्यांच्या कुत्र्यांत आणि सयामी मांजरांत मात्र चकाकी बरेचदा लाल येते. यावर खरा उपाय फ्लॅश बंद ठेवून खिडकीशी बसवण्याचा. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका सांभाळ, बुबुळ थोडंसं उजळ, त्यापुढे जाऊ नकोस. आणखी एक बारकावा: मांजराची बाहुली कडक उन्हात उभी फट होते आणि मंद उजेडात गोल पसरते. बोक्याची बाहुली गोल आहे आणि तू फोटो भर दुपारसारखा उजळलास. पाहणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटं आहे एवढं जाणवेल.

यापुढे प्रश्न स्लायडरचा राहत नाही. एखादी बाई म्हाताऱ्या कुत्र्याचा फोटो घेऊन येईल आणि म्हणेल, ‘तोंडावरचे पांढरे केस काढा, डोळ्यांतला निळेपणा काढा, पूर्वीसारखा करा.’ तो निळेपणा बहुधा वयाने भिंगाचा गाभा घट्ट झाल्यामुळे येतो, म्हाताऱ्या कुत्र्यांत तो नेहमीचाच. माझा नियम असा: दुसऱ्या दिवशी नसेल ते काढायचं, असेल ते ठेवायचं. डोळ्यातली चिपडं, लाळ, पायाचा चिखल, नाकाला लागलेलं गवत, गळ्यातली साखळी खुशाल काढ. तोंडावरचे पांढरे केस, कानाची जुनी खूण, वाकडा दात ठेव. गिऱ्हाइकाने फारच धरलं तर दोन प्रती कर, आणि न बदललेली आधी हातात दे. पुढे कधी तो कुत्रा हरवला आणि शोधाचा कागद चिकटवायची वेळ आली, तर त्याच खुणांवरून तो सापडेल. सुंदर करून ठेवलेला फोटो तिथे निरुपयोगी.

छपाईबद्दल थोडक्यात. पडदा स्वतः उजेड देतो, कागद देत नाही. म्हणून पडद्यावर ठीक वाटलेला काळा कुत्रा कागदावर बुडतो. मॅट कागदावर काळा ग्लॉसीइतका गडद उतरत नाही, तिथे शॅडोज आणखी थोडे उघडावे लागतात. झगझगीत केशरी छपाईच्या शाईत बसत नाही, तो मातकट होतो. बोक्याचं सॅच्युरेशन उतरवायला हे दुसरं कारण. लॅबला फाइल एसआरजीबीमध्ये दे, वेगळं मागितलं तर वेगळं. पडद्याचा नाइट लाइट बंद करून मगच कामाला बस. आणि आधी एक छोटी टेस्ट प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघ.

फोटो रॉमध्ये काढ. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये दर रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात; काळ्यातून पोत वर काढताना त्याच उपयोगी पडतात. फोटोशॉपमध्ये मूळ थर न बिघडवता ॲडजस्टमेंट लेयरवर काम कर. १९९६ पासून ती सोय आहे. पैसे जपून वापरायचे असतील तर डार्कटेबल, रॉथेरपी आणि गिंप फुकट आहेत, फोनवर स्नॅपसीड आहे. क्रम एकच ठेव: आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, मग काळ्या-पांढऱ्याची टोकं, त्यानंतर मास्क करून एकेक भाग, आणि रंगाचं सॅच्युरेशन सगळ्यांत शेवटी. तू सॅच्युरेशनपासून सुरुवात करतेस, म्हणून पुढचं सगळं त्याच्या मागे धावतं.

वेळ मिळाला तर विल्यम वेगमनची कामं बघ. १९७९ पासून त्याने आपल्या वायमरानर कुत्र्यांचे फोटो प्रचंड मोठ्या पोलरॉइड कॅमेऱ्यावर काढले, २० बाय २४ इंचांचे. प्रिंट तिथल्या तिथे बाहेर यायची, नंतर रंग सुधारायला वावच नव्हता. वायमरानर रंगाने रुपेरी करडा, म्हणजे प्रकाशात कसलीही झाक असली की लगेच चुगली करणारा. त्यामुळे सगळं दिव्यांपाशीच ठरवावं लागायचं. तुला सॉफ्टवेअरची सोय आहे, ती वापर. पण शटर दाबण्याआधी कुत्र्याच्या पोटाकडे एकदा बघून घे, कुठला रंग उडतोय तिथे.

आता काम. बोक्यापासून सुरू कर, कारण त्यात चुका सर्वांत जास्त आणि दुरुस्ती सर्वांत सोपी. मूळ फाइल उघडून पहिल्यापासून कर, आधीच्या फाइलवर ठिगळं लावू नकोस. झाल्यावर काही न सांगता मालकिणीला दाखव आणि ती आधी काय बोलते ते ऐक. ‘फोटो काय सुंदर आलाय!’ म्हणाली तर परत बस, अजून सॉफ्टवेअर दिसतंय. तिने बोक्याला नावाने हाक मारली तर पैसे माग. मग मला फाइल पाठव, बदल न केलेली मूळसुद्धा.

ताईला नमस्कार. मामी आशीर्वाद सांगते आहे.

तुझा,
मामा